'जॉन रॉस' कोण होता? : वासाहतिक संहितेतील एक नाव आणि त्यामागील व्यक्ती

नथॅनिएल आयझॅक्सचा 'ट्रॅव्हल्स अँड अॅडव्हेंचर्स इन ईस्टर्न आफ्रिका' हा द्विखंडात्मक ग्रंथ 1836 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. या ग्रंथात जॉन रॉस नावाचा एक मुलगा येतो. तो 'मेरी' या ब्रिग जातीच्या जहाजावरील उमेदवार खलाशी आहे. 1 ऑक्टोबर 1825 रोजी हे जहाज पोर्ट नाताळच्या मुखाशी फुटते, आणि किनाऱ्याला लागलेल्या मूठभर गोऱ्या माणसांत तोही असतो. पुढे 1827 मध्ये वसतीतील औषधे संपतात तेव्हा हा मुलगा झुलू राजा शाकाने दिलेल्या रक्षकांसह पायी डेलागोआ उपसागरावरील पोर्तुगीज ठाण्यापर्यंत, म्हणजे आजच्या मापुटोपर्यंत जातो आणि औषधे घेऊन परततो. एवढ्या प्रसंगावर 'जॉन रॉस' हे नाव दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या स्मृतीत दीडशे वर्षे टिकून राहिले. दरबानमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. रिचर्ड्स बे येथील महामार्गाला त्याचे नाव मिळाले. 1976 मध्ये दरबानला बांधलेल्या एका प्रचंड सागरी टग-जहाजाचेही तेच नाव ठेवण्यात आले.

या नावाची व्यक्ती त्या जहाजावर नव्हती. ज्या मुलाला आयझॅक्स 'जॉन रॉस' म्हणतो त्याचे नाव चार्ल्स रॉडन मॅक्लीन असे होते. त्याचा जन्म 1815 सालचा, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील फ्रेझरबर्ग या गावचा. जहाज फुटले तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

एखाद्या अल्पज्ञात व्यक्तीचे खरे नाव आणि जन्मस्थान सापडले की संशोधकाचे काम बव्हंशी पुरे होते. समीक्षकाचे काम मात्र तेथून सुरू होते. चुकीचे नाव इतकी वर्षे निर्वेधपणे का चालले, कोणत्या वाङ्मयीन गरजा त्याने भागविल्या, आणि खरे नाव सापडल्यानंतर त्या गरजा नाहीशा झाल्या की केवळ दुसऱ्या नावाच्या आश्रयाला गेल्या, हे प्रश्न चरित्राचे नसून संहितेचे आहेत. मॅक्लीनचे प्रकरण या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तो निव्वळ इतरांच्या संहितेतील पात्र राहिला नाही. प्रौढपणी त्याने आपला वृत्तान्त स्वतः लिहून छापला. 'लॉस ऑफ द ब्रिग मेरी अॅट नाताळ' या शीर्षकाची त्याची लेखमाला लंडनच्या 'नॉटिकल मॅगझिन'मध्ये 1853 ते 1855 या काळात येत होती. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दोन छापील साक्षी शेजारी शेजारी उपलब्ध होत्या. एका साक्षीत नाव चुकीचे होते आणि तीच प्रमाण मानली गेली. दुसरी त्या मुलाचीच होती आणि ती मासिकाच्या जुन्या अंकांत पडून राहिली. आयझॅक्सच्या ग्रंथाला व्हॅन रीबेक सोसायटीच्या प्रतिष्ठित मालेत 1936-37 मध्ये पुनर्मुद्रणाचा मान मिळाला. मॅक्लीनच्या लेखांना ग्रंथरूप लाभले ते 1992 मध्ये, स्टीफन ग्रे या कवी-कादंबरीकार समीक्षकाच्या संपादनातून.

तेव्हा 'दस्तऐवज नाहीत म्हणून व्यक्ती अज्ञात' हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. दस्तऐवज होते, पण ते ज्या नावाने शोधायला हवेत ते नाव दुसऱ्याच एका दस्तऐवजाने पुसून टाकले होते. अल्प-दस्तऐवजीपणा ही पुष्कळदा वाचनाने निर्माण केलेली अवस्था असते, हे या प्रकरणातून जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते.

आयझॅक्सच्या ग्रंथात या मुलाची रचना कशी होते ते पाहणे उद्बोधक आहे. तो मुलाचे वय सुमारे पंधरा वर्षे सांगतो. डेलागोआच्या प्रवासाच्या वेळी मॅक्लीन प्रत्यक्षात अकरा-बारा वर्षांचा होता. ही तफावत स्मरणाचा दोष म्हणून सोडून देता येईल, परंतु तिचा परिणाम निवेदनाच्या नीतिशास्त्रावर होतो. अकरा वर्षांच्या पोराला शेकडो मैल अनोळखी मुलखातून धाडणे यात धाडणाऱ्यांची जबाबदारी पुढे येते. पंधरा वर्षांच्या चलाख, धीट पोराने तीच मजल मारली असे सांगितले की ते त्याचे शौर्य होते. चार वर्षांच्या फरकाने कथेचा कर्ता बदलतो. पाठविणाऱ्यांकडून लक्ष उडून ते जाणाऱ्यावर स्थिरावते, आणि प्रवासवर्णनाला हवा असतो तसा एक स्वयंपूर्ण साहसप्रसंग हाती लागतो. स्वतः आयझॅक्स 1808 चा, म्हणजे जहाज फुटले तेव्हा सतरा वर्षांचा होता. तरुण निवेदकाच्या खालोखाल एक त्याहून तरुण साहसी असणे त्याच्या कथनाच्या तोलाला सोयीचे होते, असेही दिसते.

आयझॅक्सच्या लेखनामागील हेतूंबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. पोर्ट नाताळला प्रथम वसती केली ती 1824 मध्ये फ्रान्सिस फेअरवेल आणि हेन्री फ्रान्सिस फिन यांनी. 'मेरी'चा कप्तान जेम्स सॉन्डर्स किंग त्यांच्या मागावर आला होता. या सर्वांना शाकाच्या मुलखातील हस्तिदंताचा व्यापार हवा होता आणि किनाऱ्यावरील जमिनीवर ब्रिटिश सरकारची मान्यता हवी होती. शाका हा रक्तपिपासू जुलमी राजा आहे, असे किंगने 1826 मध्ये केप वसाहतीतील वृत्तपत्रातून मांडले. हे चित्र पुढे जॉर्ज थॉम्प्सनच्या प्रवासग्रंथात जाऊन स्थिर झाले. 1832 मध्ये आयझॅक्सने फिनला एक पत्र लिहिले. आपल्या आठवणी लिहिताना झुलू राजांना शक्य तितके क्रूर दाखवावे, त्यांनी मारलेल्या माणसांचे अंदाजही द्यावेत, त्यामुळे ग्रंथ भरीव आणि रंजक होतो, असा सल्ला त्यात आहे. या पत्राने वासाहतिक प्रवासवर्णनाच्या कारखान्याचे दार क्षणभर उघडे राहिले, असे म्हणावेसे वाटते. एरवी ज्यांचा अंदाज शैलीवरून बांधावा लागतो ते हेतू येथे लेखकाने स्वहस्ताक्षरात नोंदवून ठेवले आहेत. फिनची तथाकथित 'डायरी' तरी कुठे डायरी आहे? मूळ टिपणे नाहीशी झाल्यावर फिनने आठवणीतून ती पुन्हा लिहिली, आणि इतरांच्या संपादनातून ती 1950 मध्ये ग्रंथरूपाने आली. शाकाविषयीच्या गोऱ्या ज्ञानाचे दोन मुख्य खांब हे असे आहेत. ज्युलियन कॉबिंग यांनी 1988 मध्ये 'म्फेकाने' या इतिहासकल्पनेवरच जो हल्ला चढविला आणि कॅरोलिन हॅमिल्टन, डॅन वायली यांनी नंतर जी मिथकमीमांसा केली, तिच्या मुळाशी या संहितांची ही घडण आहे. कॉबिंग यांचे सर्व निष्कर्ष मान्य करण्याचे कारण नाही. गोऱ्यांनी शाकाचे चित्र केवळ कल्पनेतून उभे केले असे म्हणताना ते आफ्रिकी स्मृतीला जवळजवळ काहीच जागा ठेवत नाहीत, हा हॅमिल्टन यांचा आक्षेप रास्तच आहे.

या पार्श्वभूमीवर 'जॉन रॉस'चे कार्य काय? आयझॅक्सच्या शाकाचित्रात एक अडचण होती. राजा इतका नरराक्षस असेल तर एका गोऱ्या पोराला तो रक्षक देऊन सुखरूप पाठवतो आणि परत आणवतो हे कसे? उदार शाका आणि क्रूर शाका एकाच ग्रंथात वावरतात, आणि ही विसंगती आयझॅक्स मिटवीत नाही. ती मिटली ती पुढच्या वाचकांच्या वाचनात, मुलाच्या व्यक्तिरेखेमुळे. शाकाचे औदार्य मुलाच्या धीटपणाची पार्श्वभूमी बनले. राजाने वाट मोकळी केली म्हणून मूल गेले, या घटनाक्रमाची जागा मूल गेले म्हणून राजा प्रभावित झाला या क्रमाने घेतली. कर्तृत्वाचे हे स्थलांतर व्याकरणाच्या पातळीवरचे वाटते, पण पुतळे उभे राहतात ते अशाच स्थलांतरांवर.

शिवाय मूल ही वासाहतिक कथनातील विलक्षण सोयीची कोटी आहे. मूल जमीन मागत नाही, करार करीत नाही, हस्तिदंताचा भाव ठरवीत नाही. ते भाषा लवकर शिकते आणि दोन्ही छावण्यांतून मोकळेपणे हिंडते. 1843 मध्ये ब्रिटिशांनी नाताळ ताब्यात घेतले, 1849 पासून तेथे ब्रिटिश वसाहतकारांची जहाजे येऊ लागली, आणि या नव्या समाजाला आपल्या प्रारंभाची कथा हवी होती. तिचे नायक व्हावेत असे फेअरवेल आणि किंग फारसे नव्हते. व्यापाराची भांडणे, कर्जे, परस्परांवरील आरोप आणि शाकाच्या मोहिमांतील भाडोत्री सहभाग हा त्यांचा इतिहास. 1827 मध्ये बेजेविरुद्धच्या शाकाच्या मोहिमेत बंदुका घेऊन गेलेल्या गोऱ्यांत आयझॅक्सही होता आणि तो जखमी झाला, हे त्याने स्वतःच लिहिले आहे. अशा मंडळींत औषधे आणायला गेलेला एक मुलगाच काय तो निष्कलंक होता. विसाव्या शतकातील वाचकांनी त्याला वाचले ते बॅलंटाइनच्या 'द कोरल आयलंड' (1857) आणि स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड' (1883) यांनी घडविलेल्या अभिरुचीतून. किपलिंगचा 'किम' (1901) येथे अधिक जवळचा. दोन जगांत सहज वावरणारे पोर आणि त्या वावरण्यातून साम्राज्याला मिळणारी निरागसतेची ग्वाही हा साचा 'किम'ने पूर्णत्वास नेला. 'जॉन रॉस' हे पात्र किमच्या आधीचे, पण त्याची कीर्ती किमच्या नंतरची आहे, हे विसरता कामा नये.

आता मॅक्लीनच्या स्वतःच्या लेखनाकडे वळावे. प्रथम शीर्षकच पाहण्यासारखे आहे. आयझॅक्सच्या शीर्षकात प्रवास आणि साहसे आहेत, तर मॅक्लीनच्या शीर्षकाचा पहिला शब्द 'लॉस' आहे. जहाजाचा नाश ही त्याच्या कथनाची आरंभघटना, आणि पुढचे सर्व त्या नाशातून उद्भवलेले. खलाशी मासिकाच्या वाचकांना जहाजफुटीचे वृत्तान्त परिचयाचे होते. त्या वाङ्मयप्रकारात कर्तृत्व गाजविण्यापेक्षा हानी, कारणे आणि बचाव यांची शिस्तशीर नोंद अपेक्षित असे. मॅक्लीनचा गद्याचा पिंड या शिस्तीतून आलेला दिसतो. परंतु त्याच शीर्षकात पुढे 'त्या वसाहतीच्या सुरुवातीच्या आठवणी' असा भाग येतो, आणि येथे काळाची गुंतागुंत सुरू होते. 1825 मध्ये पोर्ट नाताळला वसाहत म्हणावे असे काही नव्हते. काही झोपड्या होत्या, मोडक्या जहाजाचे सामान होते आणि शाकाची अनुमती होती. 1853 मध्ये मात्र नाताळ ही रीतसर ब्रिटिश वसाहत होती. अडतीस वर्षांचा कप्तान दहा वर्षांच्या पोराच्या आठवणी सांगताना 1853 चा शब्द 1825 वर ठेवतो. पोराने पाहिले ते निर्वासितांचे आश्रयस्थान, कप्तान लिहितो तो वसाहतीचा पूर्वरंग. त्याच्या लेखमालेत हे दोन निवेदक सतत परस्परांवर सरकत राहतात, आणि तिचे वाङ्मयीन स्वारस्य बरेचसे या सरकण्यात आहे.

मॅक्लीन शाकाच्या राजवाड्यात दीर्घकाळ राहिला. राजाने त्याला जवळ ठेवून घेतले होते. पाहुणा, कुतूहलाची वस्तू आणि ओलीस यांच्या मधली ती अवस्था होती. तिचे तीनही अर्थ त्याच्या लेखनात वेगवेगळ्या ठिकाणी जागे होतात. आयझॅक्स आणि फिन यांच्या तुलनेत त्याचा शाका अधिक माणसासारखा आहे. लहान मुलाशी ममतेने वागणारा, प्रश्न विचारणारा आणि त्याच वेळी भयानकही. क्रौर्याचे प्रसंग तो वगळीत नाही, पण राजाचे सारे वर्तन एका क्रूर स्वभावाचा आविष्कार म्हणून समजावून सांगण्याची घाई त्याला नाही. वायली यांनीही गोऱ्या साक्षीदारांत मॅक्लीनला तुलनेने कमी वैरभावी ठरविले आहे. हे मूल्यमापन योग्य आहे, तथापि त्यावरून जो निष्कर्ष सहज काढला जातो तो मात्र तपासला पाहिजे. आयझॅक्स खोटा, म्हणून मॅक्लीन खरा, हा तो निष्कर्ष.

अशा निष्कर्षामागे एक जुनी समीक्षादृष्टी लपलेली असते. ती लेखकाच्या नियतीवरून संहितेचे प्रामाण्य ठरवते. मॅक्लीनचे पुढचे आयुष्य या दृष्टीला फार अनुकूल आहे. तो व्यापारी जहाजांचा कप्तान झाला, वेस्ट इंडीजच्या मार्गावर राहिला, सेंट लुशिया बेटावर स्थायिक झाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी, 1822 मध्ये साउथ कॅरोलिनाने प्रथम, बंदरात येणाऱ्या स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशांवर अपमानास्पद निर्बंध लादले होते. 1846 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन बंदरात 'सुझन किंग' या जहाजाचा कप्तान म्हणून मॅक्लीन आपल्या कृष्णवर्णीय खलाशांच्या बाजूने उभा राहिला आणि स्थानिक रोषाला त्याने तोंड दिले. याउलट आयझॅक्स पश्चिम आफ्रिकेत गेला, आजच्या गिनीच्या किनाऱ्याजवळील माताकाँग बेट त्याने भाड्याने घेतले, आणि 1854 मध्ये सिएरा लिओनच्या गव्हर्नरने त्याच्यावर गुलामांच्या व्यापाराचा आरोप ठेवला. ज्या सुमारास आयझॅक्सवर हा आरोप आला त्याच सुमारास मॅक्लीनची लेखमाला मासिकात येत होती. नियतीने इतकी नेटकी जोडी जुळवून दिल्यावर चरित्रकाराला मोह आवरणे कठीण. एक खलनायक, एक सज्जन. एकाने शाकाला राक्षस केले, दुसऱ्याने माणूस.

परंतु संहितेच्या पातळीवर हा द्वंद्वविन्यास टिकत नाही. मॅक्लीनची सहानुभूती खरी आहे, आणि ती त्याच्या काळाच्या शब्दसंग्रहातूनच बोलते. त्याच्या लेखमालेच्या विस्तारित शीर्षकात 'काफिर' हा शब्द आहे. तो आज दक्षिण आफ्रिकेत उच्चारणेही गुन्ह्याच्या जवळ जाते. तो शब्द वापरणे ही त्याची वैयक्तिक वृत्ती नव्हती, असे म्हणून प्रश्न सुटत नाही, उलट तेव्हाच तो सुरू होतो. वसाहतवादी चर्चाविश्व सहृदय माणसालाही कोणत्या नावांनी बोलायला लावते, हे दाखविणारा पुरावा म्हणूनच मॅक्लीनचे मोल आहे. निवेदकाची वृत्ती आणि निवेदनाची भाषा यांतील ही फट बुजवून त्याला वंशवादविरोधाचा अग्रदूत ठरविणे म्हणजे 'जॉन रॉस'ला मिळालेली निरागसता नव्या काळाच्या गरजेनुसार मॅक्लीनच्या खात्यावर वर्ग करणे होय. दुसऱ्या बाजूने, दोन्ही संहिता सारख्याच वासाहतिक, दोन्ही सारख्याच अविश्वसनीय, असा सरसकट निवाडाही तितकाच आळशी आहे. विरचनेच्या नावाखाली तो अलीकडे फार वेळा ऐकू येतो. आयझॅक्सच्या लेखनाला जमिनीचा हितसंबंध होता आणि त्याचे पत्र त्याची साक्ष देते. 1853 मध्ये मॅक्लीनला नाताळमध्ये मिळवायचे असे काही उरलेले नव्हते. हितसंबंधातला हा फरक संहितेच्या बाहेरचा आहे म्हणून समीक्षेने तो दुर्लक्षावा असे नाही. लेखक मेला असे जाहीर केले तरी जमिनीचा अर्ज जिवंत असतो.

स्टीफन ग्रे यांच्या कामाची चिकित्सा याच संदर्भात करावी लागेल. ग्रे यांचे ऋण मोठे आहे. त्यांनी विखुरलेली लेखमाला एकत्र केली, तिला संशोधनाची शिस्त दिली, आणि दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात एका विसरलेल्या लेखकाला स्थान मिळवून दिले. तत्पूर्वी 1987 मध्ये त्यांनी याच विषयावर 'जॉन रॉस : द ट्रू स्टोरी' ही कादंबरीही लिहिली. 'खरी कथा' असे म्हणणाऱ्या पुस्तकाच्या शीर्षकात खोटे नाव असावे, हा विरोधाभास अर्थात जाणीवपूर्वक आहे. वाचकाला परिचित नाव देऊन आत बोलवायचे आणि मग ते नाव काढून घ्यायचे, अशी ती युक्ती. परंतु पाच वर्षांनी आलेल्या संशोधित आवृत्तीचे शीर्षकही 'द नाताळ पेपर्स ऑफ "जॉन रॉस"' असेच आहे. नाव अवतरणचिन्हांत गेले, एवढाच बदल. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर मॅक्लीन, आणि कागदपत्रे मात्र 'जॉन रॉस'ची. मिशेल फूको यांनी 1969 च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात लेखकाचे नाव हे व्यक्तीपेक्षा संहितांच्या वर्गीकरणाचे कार्य करते असे म्हटले होते. त्या कार्याचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही. ग्रंथालयाच्या तालिकेत मॅक्लीन सापडावा म्हणून 'जॉन रॉस' हवा. जे नाव पुसायचे तेच दार म्हणून ठेवावे लागते. ज्या नावाने व्यक्ती हरवली होती त्याच नावावाचून ती परत आणता येत नाही.

नावाची ही चंचलता नाताळच्या इतिहासात एकट्या मॅक्लीनच्या वाट्याला आलेली नाही. 16 नोव्हेंबर 1860 पासून हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर दरबानला उतरू लागले. त्यांची नावे, बापांची नावे, गावे, वये कारकुनांनी जहाज-याद्यांत कानाला ऐकू येतील तशी उतरवून घेतली. पुढच्या पिढ्यांनी कित्येकदा त्या कारकुनी रूपालाच आडनाव म्हणून वागविले. तेथे नाव मोडले ते राज्ययंत्रणेच्या गरजेने, आणि येथे एका सहप्रवाशाच्या लेखणीने. पण मॅक्लीनच्या हाती पुढे लेखणी आली, यादीतल्या बहुतेकांच्या हाती ती आली नाही. 'उमेदवार' आणि 'गिरमिटिया' या दोन्ही अवस्था करारपत्राने बांधलेल्या होत्या, हे साम्य आहे तेवढेच आहे. ते अधिक ताणू नये.

मॅक्लीनला 'वसाहतकार' म्हणावे काय, हाही एक प्रश्न आहे, आणि तो केवळ शब्दाचा नाही. वसाहतकाराच्या कल्पनेत येण्याचा हेतू आणि राहण्याचा निश्चय गृहीत असतो. मॅक्लीन हेतुपूर्वक आला नाही. त्याला समुद्राने किनाऱ्यावर फेकले. तो राहिला तो राजाच्या मर्जीने. जहाजफुटीतून वाचलेल्यांनी दुसरे जहाज बांधायला घेतले, आणि 'एलिझाबेथ अँड सुझन' हे जहाज 1828 मध्ये तयार होऊन पाण्यात उतरले. म्हणजे ही तथाकथित वसती पहिली काही वर्षे निघून जाण्याच्या तयारीत होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये किंग आजाराने मेला आणि त्याच महिन्यात शाकाचा खून झाला. मॅक्लीनने पुढे नाताळमध्ये घर केले नाही. 1880 मध्ये 'लार्न' या जहाजावरून इंग्लंडकडे येत असताना तो समुद्रातच मरण पावला आणि साउदॅम्प्टनला त्याला पुरले. ज्याने जमीन घेतली नाही, कायमची वस्ती केली नाही, आणि जो जन्मभर पाण्यावर राहिला, त्याला एका वसाहतीने आपला आद्य पुरुष म्हणून पुतळ्यात उभे करावे, हे त्या वसाहतीच्या स्मृतीविषयी जेवढे सांगते तेवढे मॅक्लीनविषयी सांगत नाही. 'आद्य वसाहतकार' ही पदवी त्याला मिळाली ती तो वसाहतकार नव्हता म्हणूनच, असे म्हटले तरी चालेल. हस्तिदंत आणि जमीन यांच्या व्यवहारातला कोणीही त्या चौथऱ्यावर निर्मळपणे उभा राहू शकला नसता.

येथवरची सर्व चर्चा एका गोऱ्या मुलाच्या नावाभोवती फिरते, आणि हीच या संशोधनाची मर्यादा आहे. फ्रेझरबर्गच्या पोराचे जन्मसाल आणि मृत्यूचे जहाज आता ठाऊक आहे. डेलागोआपर्यंत आणि परत त्याच्याबरोबर चाललेल्या माणसांचे काय? वाट त्यांना ठाऊक होती. नद्यांचे उतार त्यांना माहीत होते. रात्री कोणत्या वस्तीवर थांबायचे हे त्यांनी ठरवले असणार, आणि परतताना औषधांचे ओझे त्यांनी वाहिले असणार. आयझॅक्सच्या वाक्यरचनेत ते 'रक्षक' या एका सामूहिक नामात सामावतात आणि क्रियापदाचा कर्ता मुलगाच राहतो. 'जॉन रॉस'चे खरे नाव शोधणाऱ्या संशोधनानेही ही वाक्यरचना बदललेली नाही. तिने फक्त कर्त्याचे नाव दुरुस्त केले. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी 1988 च्या निबंधात उपस्थित केलेला प्रश्न येथे अगदी साध्या, जवळजवळ कारकुनी स्वरूपात उभा राहतो. कोणाच्या नावाची दुरुस्ती होते आणि कोणाच्या नावाची मुळात नोंदच होत नाही?

हे मौन संपूर्ण आहे असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे पंचवीस वर्षे जेम्स स्टुअर्ट या नाताळमधील दंडाधिकाऱ्याने शेकडो झुलू आणि अन्य आफ्रिकी निवेदकांकडून मौखिक इतिहास टिपून घेतला. त्या टिपणांचे कॉलिन वेब आणि जॉन राइट यांनी संपादित केलेले खंड 1976 पासून प्रसिद्ध होत गेले. स्टुअर्ट हाही वासाहतिक अधिकारीच, आणि त्याच्या नोंदींना त्याच्या प्रश्नांचा आकार आहे. तरीही शाकाच्या काळातील प्रवास, निरोपे आणि परक्यांशी व्यवहार यांविषयी तेथे आफ्रिकी तोंडचे शब्द आहेत, आणि त्यांतील निवेदकांची नावे, त्यांच्या बापांची नावे, त्यांची कुळे नोंदलेली आहेत. मॅक्लीनचे लेख या खंडांशेजारी ठेवून वाचणे ही यापुढची पायरी आहे. तसे वाचले की मॅक्लीन साक्षीदारांतील एक साक्षीदार होतो, मुख्य पात्र राहत नाही, आणि त्याच्या संहितेतील शाकाच्या दरबाराची वर्णने आयझॅक्सशी नव्हे तर झुलू निवेदनांशी ताडून पाहता येतात. ग्रे यांनी त्याला लेखक म्हणून उभे केले नसते तर हा ताळा शक्यच झाला नसता.

1976 चे ते टग-जहाज अनेक दशके समुद्रात राहिले. पुढे त्याची मालकी आणि नाव दोन्ही बदलली. 'जॉन रॉस' हे नाव उतरले आणि त्याजागी झुलू भाषेतला 'अमांडला' हा शब्द आला. त्याचा अर्थ सामर्थ्य, आणि वर्णभेदविरोधी लढ्यात ती घोषणा होती. 'मॅक्लीन' हे नाव त्या जहाजावर कधीच चढले नाही.